जुन्या मोटारसायकलचा एअर फिल्टर आणि कार्बोरेटर साफ करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षे जुन्या मोटारसायकली आजही रोजच्या कामाला जुंपलेल्या आहेत. डेअरीला दूध घालणे, शेतावरची फेरी, उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी, सारे त्यांच्यावरच चालते. या गाड्यांविषयी जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे क्रमांक देऊन एकत्र केले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे लागते, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या गाडीला कार्बोरेटर आहे की इंजेक्शन, हे कसे ओळखावे?

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या आहेत. त्याआधीच्या स्प्लेंडर, बॉक्सर, आरएक्स १००, येझदी, जुनी बुलेट या गाड्यांना कार्बोरेटर असतो. टाकीखाली, फिल्टरची पेटी आणि इंजिन यांच्यामध्ये, तळाशी वाटी असलेला धातूचा भाग दिसला आणि गाडीला चोकचा खटका असला, तर तो कार्बोरेटरच होय. इंजेक्शनच्या गाडीसाठी या पानावरची फिल्टरविषयीची उत्तरे तेवढी उपयोगी पडतील.

२. कार्बोरेटर नेमके काय करतो?

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि त्यामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यातून, वर येऊन हवेत मिसळते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा भाग हवा लागते. म्हणजे या यंत्रात हवेचा वाटा फार मोठा आहे. तरीही बिघाड झाला की आपण पेट्रोलकडेच आधी पाहतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

३. गाडी काळा धूर सोडते आणि ॲव्हरेज कमी झाले आहे. कार्बोरेटर खोलायला घेऊ का?

लगेच घेऊ नये. प्रथम फिल्टर काढून पाहावा, मग फिल्टर ते कार्बोरेटर हा रबरी नळा, मग प्लग, मग पेट्रोल कॉकची जाळी, आणि एवढे करूनही सुधारणा नसेल तरच कार्बोरेटरला हात लावावा. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लगवर काजळी धरते आणि धूर काळा येतो. अशा वेळी हवेचा स्क्रू फिरवून गाडी कशीबशी चालती केली, तर पुढे फिल्टर बदलल्यावर तीच गाडी उलट बाजूने बिघडते. हवेच्या वाटेपासून सुरुवात करणे हा माझा आग्रह आहे, कारण त्या वाटेवरचे काम स्वस्त आहे आणि त्यात काही मोडण्याची भीती नाही.

४. एअर फिल्टर घरी कसा साफ करावा?

आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे.

स्पंजाचा फिल्टर असेल तर तो रॉकेलमध्ये बुडवून तळहातांमध्ये दाबावा. पिळू मात्र नये, कारण पिळल्यावर स्पंज आतून फाटतो आणि ती फट वरून दिसत नाही. काळे पाणी यायचे थांबेपर्यंत दोन-तीन वेळा दाबावा, नंतर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. वाळल्यावर त्यावर थोडे इंजिन ऑइल घालून सगळीकडे सारखे मुरवावे आणि जादा तेल दाबून काढावे. फिल्टर हातात धरल्यावर बोटांना तेलकटपणा जाणवला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. हे तेलच धूळ पकडते. कोरडा स्पंज बसवून दिलेली गाडी मी अनेकदा पाहिली आहे. तिच्या नळ्यात बोट फिरवले की लाल माती बोटाला लागते. स्पंज पेट्रोलमध्ये धुऊ नये. त्याने जोडाचा गोंद सुटतो आणि आगीचा धोकाही असतो.

कागदी फिल्टर धुऊ नये. तो हलक्या हाताने आपटून, आतल्या बाजूने बाहेर अशी कमी दाबाची हवा मारावी. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी अगदी जवळ धरल्यास कागदाला भोक पडते, म्हणून वीतभर अंतर ठेवावे. नंतर आत टॉर्च लावून अंधारात पाहावे. कोठेही प्रकाशाचा टोकदार ठिपका दिसला तर फिल्टर बदलावा. काही गाड्यांना मुळातच तेल पाजलेला चिकट कागदी फिल्टर असतो. त्याला हवाही मारू नये; मुदत संपली की नवा बसवावा.

बसवताना पेटीची कड पुसून घ्यावी आणि फिल्टरच्या काठावर ग्रीसचे पातळ बोट फिरवावे, म्हणजे कडेने धूळ आत जात नाही.

५. फिल्टर किती दिवसांनी साफ करावा?

कंपनीचे पुस्तक सामान्य रस्ता धरून आकडा देते. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, चिकोडी, रायबाग, अथणी या भागांतल्या पाणंदींवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पिठासारखी धूळ केलेली असते. अशा वाटेवर रोज जाणाऱ्याने महिन्यातून एकदा फिल्टर उघडून पाहावा. खानापूर-जांबोटी भागात पावसाळ्यात धूळ नसते, पण स्पंज ओला होऊन हवा अडते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये ओलावा तपासावा. केवळ डांबरी रस्त्यावर शहरात फिरणाऱ्याला तीन हजार किलोमीटरला एकदा पुरेसे आहे.

६. मेस्त्रींनी फिल्टर काढून टाकला आणि गाडी खरोखर हलकी पळू लागली. तशीच चालवावी का?

चालवू नये. गाडी हलकी वाटली याचा अर्थ जुना फिल्टर तुंबलेला होता, एवढाच आहे. फिल्टरशिवाय हवा वाढल्याने मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि धुळीतले वाळूचे बारीक कण पिस्टनच्या रिंगांना व सिलिंडरला घासू लागतात. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी निळा धूर आणि तेल खाणे सुरू होते, आणि तेव्हा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

७. फिल्टर स्वच्छ आहे, तरी हवा कमी येते असे वाटते. आणखी काय अडकू शकते?

पेटीला हवा घेण्याचे तोंड सीटखाली असते, तेथे पाहावे. गाडी भाताच्या कणग्यांशेजारी किंवा तंबाखूच्या वखारीत उभी असेल, तर उंदीर त्या तोंडातून आत शिरून काडीकचरा आणि चिंध्यांचे घरटे करतात. कुंभारीण माशीही अशाच नळ्यांत मातीचे घर बांधते. एका गाडीच्या पेटीतून मी ओंजळभर साळीचे तूस काढले होते, आणि त्या गाडीचा कार्बोरेटर त्याआधी तीन वेळा खोलून झाला होता. घरटे काढताना कण कार्बोरेटरकडे पडू नयेत म्हणून नळ्याच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, आणि गाडी चालू करण्याआधी ते आठवणीने काढावे.

८. कार्बोरेटर खोलायला काय काय लागते?

नेमक्या मापाचे स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ नंबरचे पाने, पक्कड, जुना टूथब्रश, स्वच्छ सुती फडके, स्टीलचे ताट, पेट्रोल काढायला धातूचे भांडे, आणि कार्बोरेटर क्लीनरचा फवारा किंवा थोडे स्वच्छ पेट्रोल. वाटीचे गॅस्केट आधीच आणून ठेवावे. काम अंगणात, चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे. फवारा डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि रबरी भागांवर मारू नये.

९. खोलण्याचा क्रम कसा असावा?

इंजिन थंड असताना कॉक बंद करून वाटीच्या ड्रेन स्क्रूतून पेट्रोल भांड्यात काढावे. ते पेट्रोल काचेच्या पेल्यात घेऊन निरखावे. तळाशी पाण्याचा वेगळा थर, गंजाची लाल पूड किंवा पांढरा चुरा दिसला, तर दोष टाकीकडून येत आहे आणि टाकी साफ केल्यावाचून कार्बोरेटर पुन्हा भरणार आहे.

नंतर पेट्रोलची नळी आणि दोन्ही बाजूंचे जोड सोडवावेत. वरचे झाकण फिरवल्यावर केबलसह स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त उघडणारा सरकता भाग) आणि तिच्यातली सुई बाहेर येते; सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे, ते लिहून ठेवावे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा.

वाटीचे स्क्रू अनेकदा घट्ट बसलेले असतात. ड्रायव्हर पूर्ण बसवून, त्याच्या मुठीवर हलका ठोका देऊन आणि वरून जोराने दाबतच फिरवावा, नाहीतर डोके खराब होते. वाटी निघाल्यावर फ्लोटची, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, बारीक पिन दिसेल. ती ज्या दोन खांबांत बसते, ते खांब नाजूक असतात. ती पिन जोर लावून ठोकताना माझ्या हातून एकदा खांब तुटला आणि संपूर्ण कार्बोरेटर बदलावा लागला. पिन कोणत्या बाजूने सरकते ते पाहून, खांबाला खालून बोटाचा आधार देऊन ती ढकलावी. न हलल्यास फवारा मारून तासभर थांबावे.

हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजावे आणि तो आकडा लिहावा. त्याच्याबरोबर स्प्रिंग आणि काही कार्बोरेटरांत बारीक वॉशर व ओ-रिंगही निघते. हे ताटातच ठेवावे, जमिनीवर नको.

जोडताना स्लाइडचा तिरपा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे आणि तिची खाच आतल्या खुंटीवर बसली पाहिजे. उलटी बसल्यास रेस खाली येत नाही. पेट्रोलने फुगलेली ओ-रिंग खाचेत बसत नसेल, तर ती एक दिवस हवेवर ठेवावी. बहुधा ती मूळ मापावर येते.

१०. जेटच्या छिद्रात तार घालावी का?

लोखंडी तार, सुई, टाचणी यांपैकी काहीही घालू नये. जेट पितळेचा असतो आणि पायलट जेटचे (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचे) छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बरेच बारीक असते. त्याला पोलादाचा ओरखडा पडला तरी पेट्रोलचे माप बिघडते आणि ते परत सुधारता येत नाही. जेट क्लीनरमध्ये भिजवावा, मग हवा मारावी, मग उजेडाकडे धरून छिद्र पूर्ण गोल दिसते का ते पाहावे. तरीही अडथळा असेल तर विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एकच काडी किंवा मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा वापरावा. जेटइतकेच बॉडीतले आडवे मार्गही महत्त्वाचे आहेत. प्रत्येक मार्गात फवारा मारून तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो, याची खात्री करावी. गाडी थंड असताना चालू होते पण चोक काढला की बंद पडते, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा पायलट जेटच्या मार्गात सापडतो.

११. पितळ चिंचेने लख्ख होते, मग कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात उकळला तर चालेल का?

चालणार नाही. बॉडी जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. चिंच, लिंबू आणि कॉस्टिक सोडा हे सर्व तिला खातात. बाहेरून ती उजळ दिसेल, पण स्लाइडची वाट खडबडीत होईल.

१२. हवेचा स्क्रू किती फेऱ्या बाहेर ठेवावा?

सुरुवात दीड फेरीपासून करावी. आत फिरवताना तो टेकला की थांबावे. कसल्यास त्याच्या टोकाला वळे पडते. गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन गरम करावे, मग स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत इंजिनाचा आवाज सर्वांत जलद आणि एकसारखा येईल तेथे ठेवावा आणि त्यानंतर आयडलिंगच्या स्क्रूने रेस खाली आणावी.

येथे एक फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल, तर तो हवेचा असतो आणि आत फिरवल्यावर पेट्रोलचे प्रमाण वाढते. तो इंजिनच्या बाजूला असेल, तर तो मिश्रणाचा असतो आणि आत फिरवल्यावर पेट्रोल कमी होते. दोन मेस्त्री एकाच गोष्टीविषयी उलट सल्ला देतात, तेव्हा बहुधा दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे कार्बोरेटर असतात.

१३. गाडी स्टँडवर उभी असतानाही नळीतून पेट्रोल टपकते. काय करावे?

हा ओव्हरफ्लो आहे. तात्पुरता उपाय म्हणून कॉक बंद करून वाटीवर ड्रायव्हरच्या मुठीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत. कचऱ्याने अडकलेली फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी, स्लाइडमधली नव्हे) कधीकधी बसते. पुन्हा गळल्यास सुईचे टोक भिंगातून पाहावे. त्यावर गोल कंगोरा पडलेला असेल तर सुई बदलावी. फ्लोट पितळेचा असल्यास कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटला आहे. भोक कोठे आहे ते पाहण्यासाठी फ्लोट गरम पाण्यात बुडवावा, तेथून बुडबुड्यांची माळ वर येते. असा फ्लोट घरी झाळायला घेऊ नये, कारण आतल्या वाफेचा भडका उडतो. नवा बसवणेच योग्य.

१४. मुलगा सैन्यात आहे. गाडी सहा-सहा महिने घरी उभी असते आणि सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस ती चालू करण्यातच जातात. यावर उपाय काय?

आपल्या भागात घरटी एक जवान असलेली गावे आहेत, त्यामुळे हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे पिवळसर चिकट थर राहतो. तोच पायलट जेट बंद करतो. मुलगा परत निघण्याच्या दिवशी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे आणि नंतर ड्रेन स्क्रू उघडून वाटी कोरडी करावी. हे पाच मिनिटांचे काम आहे. टाकी गंजू नये म्हणून ती पूर्ण भरून ठेवणे हा जुना सल्ला आहे, पण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सहा महिने ठेवण्यापेक्षा टाकी रिकामी करून आत थोडे इंजिन ऑइल फिरवावे, असे माझे मत आहे. परतल्यावर ते तेल काढून ताजे पेट्रोल घालावे. घरात कोणी महिन्यातून एकदा गाडी चालवणारे असेल तर यातले काहीच लागत नाही. मात्र नुसती किक मारून दोन मिनिटे चालू ठेवणे पुरेसे नाही, चार-पाच किलोमीटर फिरवावी.

१५. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या कार्बोरेटरवर काय परिणाम होतो?

२०२५ पासून पंपांवर सर्वत्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातले बरेच इथेनॉल ज्या उसापासून होते, तो आपल्याच शेतात आहे, त्यामुळे या प्रश्नावर चर्चा फार होते. कार्बोरेटरपुरते तीन परिणाम सांगता येतात. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग कडक किंवा पिठूळ करते, म्हणून त्या नव्या बसवाव्यात. ते पाणी शोषते आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळ्यात गाडी अचानक बंद पडली तर वाटीतले पेट्रोल प्रश्न ९ प्रमाणे पेल्यात पाहावे. आणि त्याला जळायला हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. गाडी चढाला धाप टाकत असेल, तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी. सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल थोडे वाढते. त्याहून जास्त बदल करू नये.

१६. गाडी पाच-सहा किलोमीटर छान चालते, मग बंद पडते, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते. कार्बोरेटर दोनदा साफ केला आहे.

पुढच्या वेळी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. फुस्स आवाज होऊन गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातले हवेचे बारीक भोक मातीने बुजले आहे. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. येथेही दोष हवेच्या वाटेचाच आहे, आणि झाकण धुऊन भोक मोकळे केले की काम संपते.

१७. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर जेट बदलावे लागतात का?

लागत नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा पणजीपेक्षा सात-आठ टक्के विरळ आहे. खाली उतरल्यावर मिश्रण किंचित पातळ होते, ते नीट लावलेल्या गाडीला सहज पेलते. घाट उतरल्यावर गाडी फट्‌फट् आवाज काढत असेल, तर ती बेळगावातच पातळ मिश्रणावर चालत होती.

१८. आयडलिंगचा स्क्रू पूर्ण बाहेर आहे, तरी रेस खाली येत नाही. का?

कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या जोडातून चोरटी हवा आत जात असावी. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर रबराला चीर आहे किंवा ओ-रिंग गेली आहे. ॲक्सिलरेटरची केबल अडकत नाही ना, हेही हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. दोन स्ट्रोकच्या गाडीत ही चीर दुर्लक्षू नये, कारण पातळ मिश्रणावर पिस्टन जाम होतो.

१९. एमिशन टेस्टमध्ये जुनी गाडी नापास होते. कार्बोरेटर लावून पास होईल का?

आपण ज्याला एमिशन म्हणतो, त्यालाच सीमेपलीकडे महाराष्ट्रात पीयूसी म्हणतात. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के. चाचणी आयडलिंगवर होते, म्हणून प्रश्न ४ प्रमाणे फिल्टर आणि प्रश्न १२ प्रमाणे स्क्रू लावल्यास बहुतेक निरोगी इंजिने पास होतात. गाडी केंद्रावर गरम अवस्थेत न्यावी. धूर निळा असेल तर रिंगा झिजलेल्या आहेत आणि तेथे कार्बोरेटरचा उपयोग नाही.

२०. सगळे साफ करूनही गाडी मिसिंग मारते. नेमका दोष कोठे शोधावा?

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर खडूने खूण करावी आणि मिसिंग मूठ किती फिरवल्यावर होते ते पाहावे. पहिल्या अष्टमांश फेरीत होत असेल तर पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण या टप्प्यात होत असेल तर सुई आणि तिची क्लिप. पूर्ण पिळल्यावर होत असेल तर मेन जेट किंवा कॉकमधून कमी येणारे पेट्रोल. जेट बदलायचा झाल्यास त्याच कंपनीचा आणि त्याच क्रमांकाचा घ्यावा, कारण एका कंपनीचा ऐंशी क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या ऐंशीइतका असेलच असे नाही. मूठ कोठेही असली तरी मिसिंग सारखेच होत असेल, तर कार्बोरेटर परत जोडून ठेवावा आणि प्लग, कॉइल व टॅपेट तपासावेत.